बिनदाराच्या घरातले याकोबभाऊ

गेल्या महिन्यात आमच्या चंद्रपूरच्या फ्लॅटला लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवलं. म्हणजे आधीचं लाकडी दार आहेच, त्याला लॅच आहे, साखळी आहे, डोळा लावून बघायचं भोक आहे, आणि आता त्याच्यापुढे हे. बसवणारा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "आता निवांत झोपा काकू, मुंगीसुद्धा आत येणार नाही." मी म्हटलं, "मुंगी आली तर आली रे बाबा, माणसं तरी येतील ना?" त्याला काही कळलं नाही. तो गेल्यावर दोन्ही दारं लावून मी चहा घेत बसले आणि मला याकोबभाऊ आठवले. सगळ्या पंचक्रोशीला त्यांनी दारं करून दिली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं.

हे घर कुरखेड्याच्या पुढे, जंगल दाट व्हायला लागतं तिथे, पळसटोला नावाच्या गावात. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स होते. गावात गोंडांची घरं जास्त, बोडीच्या काठाने मासे धरणाऱ्या ढिवरांची, आणि एका कडेला लहानशा प्रार्थनाघराभोवती ख्रिस्ती वस्ती. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं छोटं तळं. माझी खोली याकोबभाऊंच्या घरासमोर. त्यांच्या घराला पुढे एक चौकट, मागे एक चौकट, दोन्ही समोरासमोर, आणि दोन्हींत काही नाही. माझ्या ओसरीवर बसलं की त्यांच्या घरातून आरपार बोडी दिसायची. हिवाळ्यात सकाळी पाण्यावरून धुकं उठायचं, मागच्या चौकटीतून त्यांच्या घरात शिरायचं, चुलीपाशी जरा रेंगाळायचं आणि पुढून माझ्या अंगणात यायचं. उन्हाळा संपताना काजवे त्याच वाटेने यायचे. अजूनही ते घर आठवलं की मला आधी धुकं दिसतं, मग माणसं दिसतात.

रात्री मागच्या चौकटीला एक पत्रा आणि पुढच्या चौकटीला बांबूची ताटी टेकवून ठेवायचे. त्या ताटीला गावातलं कुत्रंही जुमानत नसे. मी एकटी राहणारी बाई, आतून कडी घालून वर आडणा लावून झोपणारी. पहिले काही दिवस मला माझ्या नाही, त्यांच्याच काळजीने झोप लागली नाही.

याकोबभाऊ उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आणि कानावर कायम पेन्सिल. रविवारी पांढराशुभ्र सदरा घालून प्रार्थनाघरात जाताना सुद्धा ती कानावरच. एकदा पाळकसाहेब म्हणाले, "याकोब, देवाच्या घरात तरी हे काढून येत जा." तर हे म्हणाले, "साहेब, त्यानंबी रंधा मारला हाय. पेन्सिल पाहूनच तो मले ओळखते." येशूही सुताराचाच मुलगा. पुढच्या रविवारी पेन्सिल होतीच.

माझ्या उपकेंद्राची खिडकी नीट करायला ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांचं काम बघत बसले होते. फळीला रंधा लावायच्या आधी ते तिच्यावरून तळहात फिरवायचे, अगदी सावकाश, डोळे मिटून. मी बाळंतिणीचं पोट तपासते तसं. मग गुणगुणत रंधा सुरू. गाणं प्रार्थनाघरातलं, चाल लांबलचक. लाकडात गाठ आली की गाणं थांबायचं, गाठ साफ झाली की थांबलं होतं त्याच शब्दापासून पुढे चालू. वस्तीतल्या बायका आपापल्या चुलीशी बसून गाण्यावरून सांगायच्या, आज भाऊच्या हाती लाकूड चांगलं लागलंय की वाईट. कामाच्या जागी सागवानाच्या सालप्यांचा ढीग पडायचा आणि त्या वासाने दुपार कशी सुस्त होऊन जायची. मी तिथे बसल्या बसल्या डुलक्या काढलेल्या आहेत, सांगायला लाज कशाची.

पैशाचा त्यांचा एक नियम होता. पाळणा केला तर पैसे घ्यायचे, मयताची पेटी केली तर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पाळण्यातला माणूस मोठा होऊन कमावते. पेटीतला कुठी कमावते, बाई?" मी म्हटलं, "त्याची पोरं कमावतात की." त्यावर पेन्सिलीने कान खाजवत म्हणाले, "त्या दिवशी पोरं रडून राह्यली असते. रडणाऱ्याच्या हातातून पैसे घेतले तं मले भात गोड लागत नाई." संपलं. ह्या माणसाशी वाद घालायची सोय नव्हती, कारण तो वाद घालतच नसे.

आता दार का नव्हतं ते सांगते. लाकूड मिळत नव्हतं असं नाही. जंगलखात्याच्या डेपोतून पावतीचं सागवान आणून, फळ्या पाडून, ते घराच्या माळ्यावर वाळत ठेवायचे. दाराच्या फळ्या म्हणून. ओल्या लाकडाचं दार वाकतं, म्हणून निदान एक उन्हाळा तरी त्या वाळायला हव्यात. आणि फळ्या वाळून खणखणीत झाल्या की वस्तीत कोणीतरी जायचं. आमच्याकडे उन्हाळा असा की मयताला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाही. कुरखेड्याहून लाकूड आणेपर्यंत वेळ कुठला? सगळ्या वस्तीत वाळलेल्या फळ्या एकाच घरात. याकोबभाऊ शिडी लावायचे, आणि सुवार्ताबाईचं दार माळ्यावरून खाली उतरून मातीत जायचं.

सुवार्ताबाई म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, चपळ, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. तिला आयुष्यात दागिना नको होता, लुगडं नको होतं. एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. लग्न होऊन आली तेव्हा याकोबभाऊ म्हणाले होते, येत्या पावसाच्या आत लावतो. त्यानंतर त्यांची मुलगी रिबेका जन्मली, शाळेत गेली, लग्न होऊन सासरी गेली, तरी तो पाऊस आला नव्हता.

वस्तीतली एक म्हातारी होती, सुवार्ताबाईशी तिचं पाण्यावरून, कोंबड्यांवरून, प्रार्थनाघरात पुढे कोणी बसायचं त्यावरून रोजचं भांडण. ती वारली तेव्हाही फळ्या उतरल्या. सुवार्ताबाईने पदराने डोळे पुसत मला सांगितलं, "पाहा नर्सबाई, जितेपणी माझी एक कोंबडी सोडली नाई. मेल्यावर दारच घेऊन गेली." रडतही होती आणि चिडलेलीही होती. मग उठली आणि त्याच म्हातारीच्या सुनेकडे भात घेऊन गेली.

याकोबभाऊंना ह्याचं काही वाटत नसे असं नाही. पण ते म्हणायचे, "ठेवलं ते वाळवीचं, देल्लं ते आपलं." आमच्या त्या भागात वाळवी अशी की चप्पल दोन दिवस एका जागी ठेवली तर तळवा नाहीसा. मी एकदा खोडी काढली, "भाऊ, पण पेटी जमिनीत गेल्यावर तीही वाळवीच खाते ना?" खूप वेळ हसले. मग म्हणाले, "खाते तं. पण तवरीक ते देऊन झालेलं असते, बाई. मंग कोणीबी खाओ."

अस्वलाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मोहफुलांचे सुरुवातीचे दिवस होते, पहाटे अजून धुकं पडायचं. पहाटे उठून फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, संध्याकाळी आत घ्यायची, असं सगळ्या गावाचं चाललेलं. सुवार्ताबाईने घरात फुलांचा ढीग लावला होता, आणि तो वास म्हणजे अस्वलाला आमंत्रणच. उजाडता उजाडता मी ओसरीवर तोंड धुवायला आले तर समोर ताटी आडवी पडलेली आणि घरात काळं काहीतरी फुसफुसतंय. सुवार्ताबाई शिडीवरून माळ्यावर चढून बसलेली. याकोबभाऊ मात्र भिंतीला टेकून खाटेवरच, मांडी घालून, गात. हळू, अगदी रंधा मारताना गातात तसं. अस्वलाने पोटभर फुलं खाल्ली, एक टोपली उलटी केली आणि आलं त्या वाटेने झुलत निघून गेलं. धुक्यात जरा वेळ त्याची पाठ दिसली, मग नुसतं धुकं. माझ्या हातातला तांब्या कधी पडला मला आठवत नाही.

दिवसभर गाव ते घर बघायला येत होतं. सुवार्ताबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आतातरी ह्यायले समजंल दार कायले पाहिजे." आणि याकोबभाऊ प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "दार असतं अन् अस्वलानं ढकललं असतं, तं मागून ते लागून गेलं असतं. मंग अस्वल आतमंदी अन् आम्हीबी आतमंदी. दार नव्हतं म्हणून त्याले जाता आलं." निम्म्या गावाला हे पटलं. मला तर त्या दिवशी दोघंही बरोबर वाटले होते.

पुढे एक दिवाळी सरली आणि धान कापून झाल्यावर एक जीप आली. ताडोबाच्या वाटेवर कोणी एक मोठं रिसॉर्ट बांधत होतं, त्याला जुन्या पद्धतीची सागवानी दारं हवी होती आणि याकोबभाऊंनी केलेलं दार त्या मालकाने कुठेतरी पाहिलं होतं. भाऊ गेले. मालक भला माणूस होता, मजुरी चांगली, जेवण चांगलं. तिथून भाऊंचा फोन आला की सुवार्ताबाई मोबाइल घेऊन माझ्याकडे यायची, कारण तिला फोनवर ओरडून बोलायची सवय आणि माझ्या ओसरीवर ओरडायला जागा. काही आठवड्यांनी ती धावतच आली. मालकाने कायमची नोकरी देऊ केली होती. मोठं वर्कशॉप, हाताखाली माणसं, आणि राहायला पक्की खोली. बायकोला घेऊन या म्हणाला. सुवार्ताबाईने फोनवर एकच विचारलं, "खोलीले दार हाय का?" भाऊ तिकडून म्हणाले, "हाय. मीच केलेलं हाय." ती त्या दिवशी माझ्याकडे चहाला थांबली आणि चहा प्यायची विसरून गेली. बशीत बघत आपल्याशीच हसत होती.

भाऊ नाताळाला आले. ते नव्हते त्या दिवसांत वस्तीतला शांतवन नावाचा एक मजूर वारला होता. घरात वाळलेली फळी नाही, करणारा माणूस नाही. लोकांनी बाजारच्या दुकानातून साबणाची खोकी आणली, त्यांच्या फळ्या खिळल्या आणि त्यात त्याला ठेवलं. पेटीच्या बाजूला साबणाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं तसंच. नाताळाच्या जेवणात कोणीतरी हे सहज सांगितलं. याकोबभाऊंचा घास हातातच राहिला. "साबणाच्या खोक्यात," एवढंच म्हणाले. जेवण न संपवता उठून दफनभूमीकडे गेले आणि तिकडे बराच वेळ बसून होते.

नाताळ झाला, जीप न्यायला आली, आणि ती रिकामीच परत गेली. ड्रायव्हरला ते म्हणाले ते मी माझ्या ओसरीवरून ऐकलं. "मालकाले माझा सलाम सांगजा. मी नाई आलो तं तिथली दारं थांबत नाईत, दुसरा कोणी करते. इथी माणूस थांबते." त्यांनी हे बोलताना सुवार्ताबाईकडे पाहिलं नाही.

सुवार्ताबाई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भात वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. त्या फटकळ बाईचं गप्प बसणं सगळ्या गल्लीला जड जात होतं. माझ्याकडे येऊन एकदा म्हणाली, "मी देवाले नाई म्हणत नाई, नर्सबाई. लहानपणापासून त्याचं ऐकलं. पण त्याले जायले-यायले सगळ्या वस्तीत माझंच घर सापडते काऊन?" मी त्यांच्या धर्माची नाही, पण माझ्या देवालाही मी हाच प्रश्न कितीदा विचारलेला आहे.

शेवटी मला राहवलं नाही. भाऊ माझ्या कपाटाचं बिजागर बसवत होते, मी सरळ म्हटलं, "भाऊ, गावातला मेलेला माणूस तुम्हाला दिसतो, घरातली जिवंत बाई दिसत नाही का? तुम्ही झोपता देवाच्या भरवशावर. ती बिचारी जागी असते." नर्स झाल्यापासून माझी जीभ अशीच आहे, समोरचा दुखेल म्हणून मी टोचायची थांबत नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, हातात फिरवली, परत ठेवली. त्या संध्याकाळी चौकटीत उभं राहून त्यांनी सुवार्ताबाईला सांगितलं, "ह्या पावसाच्या आत दार. वचन देतो." हा माणूस कधी शपथ घेत नसे, वचन देत नसे, म्हणायचा, उद्याचा मालक दुसरा आहे. सुवार्ताबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "लिहून ठेवते मी," म्हणाली, आणि तिला लिहिता येत नव्हतं.

तो सगळा उन्हाळा त्या दाराचा होता. फळ्या माळ्यावर वाळत होत्या आणि नशीब असं की वस्तीत कोणी आजारीही पडलं नाही. सुवार्ताबाई म्हाताऱ्या माणसांना वाटेत थांबवून तब्येत विचारायची, गोळ्या घेता का म्हणून दटावायची, आणि माझ्याकडे पाहून ओशाळं हसायची. फळ्या तयार झाल्यावर भाऊंनी तिला विचारलं, वर वेलबुट्टी काढू का. ती म्हणाली, "वेल नको, फूल नको. कडी पाहिजे." मग त्यांनी तिला चौकटीत उभं केलं, हात वर करायला सांगितला आणि तिचा हात जिथे सहज पोचत होता तिथे पेन्सिलीने खूण केली. आयुष्यात त्यांनी किती दारं केली, पण प्रत्येक कडी आपल्या उंचीने लावलेली. ही एकच तिच्या उंचीने.

पहिल्या पावसाच्या चार दिवस आधी पुढच्या चौकटीला दार लागलं, आणि मागच्या पत्र्याला रात्री आतून आडणा. सुवार्ताबाईने मला बोलावून नेलं, बाहेर उभं केलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग कडी काढली, दार उघडलं, मला बघितलं आणि पुन्हा लावलं. मी बाहेर उभी राहून हसत होते. आतून तिचंही हसू ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगत आली, "नर्सबाई, काल मले सपन पडलं. आधी झोपच अशी कुठी लागत होती, सपन पडायले." काय स्वप्न पडलं ते तिला सांगता येईना. मला मात्र ओसरीवरून बोडी दिसेनाशी झाली होती, आणि ते मी तिला कधीच सांगितलं नाही.

श्रावणात पावसाने जी धार धरली ती सोडलीच नाही. नदी पुलावरून वाहायला लागली, रस्ता बंद, वीज नाही. पुलाच्या कामावर सिरोंच्याकडून आलेले तेलुगू मजूर होते, ते शाळेत अडकले. त्यांच्यात एक म्हातारा होता, बरोबर त्याची बायको. त्याला ताप भरला. उपकेंद्रात होतं ते सगळं मी केलं, पण पुढे न्यायला वाट नव्हती. सकाळी तो गेला. त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला लहान लाकडी क्रूस होता, तेव्हा वस्तीतली माणसं आपणहून आली. म्हातारीला मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू नाही.

दफनभूमीत खड्डा खणला तर तो खणता खणता पाण्याने भरत होता. माणसं टोपल्यांनी पाणी उपसत होती. कोणी म्हणालं, पावसात लाकूड कुठून आणायचं, चांगल्या कापडात देऊ. म्हातारी खड्ड्यातल्या गढूळ पाण्याकडे बघत होती. तिने मान हलवली, दोन्ही हातांनी हवेत चौकोन केला आणि म्हणाली, "पेट्टे." पुन्हा म्हणाली, "पेट्टे." हा शब्द सगळ्यांना कळला.

आणि मग वस्ती हळूहळू याकोबभाऊंच्या अंगणात जमली. कोणी काही मागितलं नाही. पागोळ्या गळत होत्या, माणसं भिजत उभी होती आणि कोणी दाराकडे बघायला धजत नव्हतं. भाऊ ओसरीवर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कुणाच्याही मयताला शिडीकडे आपणहून उठणारा माणूस त्या दिवशी उठला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना वचन दिसत होतं आणि म्हातारीही दिसत होती. त्या दोहोंच्या मधे ते अडकले होते, आणि ह्या वेळी देवाला विचारून सुटणार नव्हतं.

सुवार्ताबाई आतून आली. म्हातारी अंगणात एका कडेला उभी होती, डोक्यावर गोणपाट घेऊन. सुवार्ताबाईने तिला हाताला धरून ओसरीवर घेतलं, आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं. मग नवऱ्याकडे वळली.

"काऊन बसून राह्यले? हत्यारं आणा."

भाऊ खालीच बघत म्हणाले, "सुवार्ता, ते तुझं होय."

"माझं होय म्हणूनच सांगून राह्यली. आजवर तुम्ही माझं दार देत होते. आज मी देऊन राह्यली."

भाऊंनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत आपण काय केलं ते त्या क्षणी त्यांना समजलं असावं, कारण ह्या कधी न रडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उठले. बिजागरीचे स्क्रू काढत होते तेव्हा सुवार्ताबाईने दार खालून पेलून धरलं. ते सुटल्यावर म्हणाली, "कडी तेवढी काढून द्या. पेटीले आतून कडी कायले पाहिजे?" त्या तसल्या पावसात, तसल्या वेळी, दोनचार माणसं हसली. तीही हसली. एका दारात पेटी पुरी होईना, तेव्हा झाकणाला प्रार्थनाघरातला एकुलता एक बाक आणला. दुपारी पाणी उपसून त्या परक्या माणसाला सागवानाच्या पेटीत खाली ठेवलं. पाळकसाहेब पुलापलीकडे अडकलेले, म्हणून प्रार्थना याकोबभाऊंनीच म्हटली, मराठीत. म्हातारी तेलुगूत काहीतरी म्हणत होती आणि दोन्ही एकाच वेळी संपलं.

पूल उघडला तशी माझी बदलीची ऑर्डर आली आणि मी चंद्रपूरला आले. निरोपाला भाऊ आले होते की नाही हेसुद्धा मला नीट आठवत नाही. मला ते शेवटचे दिसतात ते त्या दफनाच्या दिवशीच्या संध्याकाळी. पाऊस ओसरून पुन्हा भुरभुर लागला होता, आणि मी ओसरीवर बसले होते. समोर परत आरपार दिसत होतं, घरात चूल पेटलेली, पलीकडे बोडीवर मळकट उजेड. सुवार्ताबाईने म्हातारीला आपल्याकडेच आणलं होतं. तिघं जेवायला बसली. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना भाऊंची, आणि ती एवढी लांब की भात निवून जायचा. त्या दिवशी त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि परत उघडले. मग म्हणाले, "सुवार्ता, आज तू बोल."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "प्रभू, देल्लं ते देल्लं. ह्या बाईले आज झोप लागू दे. अन् पाऊस जरा ह्या बाजूनं कमी येऊ दे." वारा पुढच्या चौकटीतून थेट चुलीकडे येत होता.

याकोबभाऊ आमेन म्हणाले. मग आपलं ताट उचलून ते चौकटीत आले, बाहेरच्या पावसाकडे पाठ करून मधोमध बसले, आणि तिथेच जेवायला लागले.